‘टी. एस. चाणक्य’मधले जहाज कुठे आहे?

या वेळी सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची निघाली. म्हणून बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवून ही चार एकत्र घेत आहोत.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी नेरूळला फ्लेमिंगो पाहायला गेलो होतो. पक्षी जिथे उतरतात त्या पाणथळ जागेला सगळेजण ‘टी. एस. चाणक्य’ म्हणतात. ते शेजारच्या संस्थेचे नाव आहे, हे तिथे गेल्यावर कळले. ‘टी. एस.’ म्हणजे ‘ट्रेनिंग शिप’, असे तिथल्या रखवालदाराने सांगितले, तेव्हा मात्र मी बुचकळ्यात पडले. कारण जहाज कुठेच दिसत नव्हते. ते होते तरी कुठे आणि गेले कुठे? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : रखवालदाराने आपल्याला बरोबर सांगितले. ‘टी. एस.’ ही ‘ट्रेनिंग शिप’ या शब्दांची आद्याक्षरे असून, करावे गावाजवळची ही संस्था व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवते. तिच्या आवारात जहाज नाही आणि कधी नव्हतेही, कारण 1993 मध्ये ती सुरू झाली तीच मुळी जमिनीवर. तिच्यापूर्वी मात्र दोन खरीखुरी जहाजे होऊन गेली. 1927 ते 1972 या काळात ‘डफरिन’ आणि त्यानंतर 1993 पर्यंत ‘राजेंद्र’. मुंबई बंदराच्या पाण्यात उभ्या असलेल्या या दोन जहाजांचा वारसा चाणक्यकडे आला आणि त्यासोबत ‘टी. एस.’ ही अक्षरेही आली. जमिनीवरच्या संस्थेला जहाज म्हणण्याची चाल दर्यावर्दी लोकांत जुनी आहे. लोणावळ्याच्या डोंगरात समुद्राचा मागमूस नाही, तरी नौदलाची तेथील अभियांत्रिकी संस्था ‘आयएनएस शिवाजी’ म्हणजे नौदलाचे जहाज म्हणूनच ओळखली जाते.

आता डफरिनविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या जहाजात आहे.

डफरिन हे जहाज शिक्षणासाठी बांधलेले नव्हते. इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस येथील विकर्स कंपनीच्या गोदीत ते 1904 मध्ये बांधले गेले आणि ‘रॉयल इंडियन मरीन’ या सरकारी आरमारी खात्यात सैन्य वाहून नेण्याच्या कामाला लागले. 1884 ते 1888 या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड डफरिन यांचे नाव त्याला दिले होते. पहिल्या महायुद्धात त्याच्यावर तोफा चढवण्यात आल्या आणि तांबड्या समुद्रात त्याने गस्तीचे काम केले. युद्ध संपल्यावर सरकारने खर्चकपात आरंभली, तेव्हा या खात्याची सैन्यवाहू जहाजे ठेवायची कशाला, असा प्रश्न उभा राहिला. धडधाकट असूनही काम उरलेले नाही अशा अवस्थेत हे जहाज होते आणि नेमक्या त्याच वेळी देशात एक वेगळीच मागणी जोर धरत होती.

ती मागणी भारतीय व्यापारी नौकानयनाची होती. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांनी उभारलेल्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे हे पहिले जहाज. ते ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेले होते आणि कंपनीचे नावही त्याच संबंधातून आले. पण जहाज विकत घेणे एक आणि ते चालवायला आपली माणसे मिळणे दुसरे. व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचे तर आधी उमेदवार म्हणून काही वर्षे समुद्रावर काढावी लागत, मग परीक्षा. ब्रिटिश कंपन्या भारतीय मुलांना उमेदवार म्हणून घेतच नसत. पहिली पायरीच काढून घेतलेली असल्यावर जिना चढणार कसा? जहाजाची मालकी भारतीय, मालही भारतीय, आणि तरी त्याचे सुकाणू कुठे वळवायचे हे सांगणारा माणूस परका, अशी ही परिस्थिती होती.

जानेवारी 1922 मध्ये सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात भारतीय व्यापारी नौकादलाविषयी ठराव मांडला. त्यातून 1923 मध्ये रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिने 1924 मध्ये अहवाल दिला. हा अहवाल आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण समितीने केवळ प्रशिक्षणाचा विचार केला नव्हता. भारताच्या किनाऱ्यावरची एका बंदरातून दुसऱ्या बंदरात होणारी मालवाहतूक टप्प्याटप्प्याने भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असेही तिने सुचवले होते. सरकारने त्या अहवालातली एकच गोष्ट मनावर घेतली, ती म्हणजे मुंबईत प्रशिक्षण जहाज. किनारी वाहतुकीचा हक्क बाजूला पडला. 1928 मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी त्यासाठी विधेयक आणले, तेही कायद्यापर्यंत पोहोचले नाही. तो हक्क मिळायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. म्हणजे मागितली होती अख्खी वाट आणि हाती आले एक सेवामुक्त होऊ घातलेले जहाज.

तरीही ते जहाज मिळाले हे महत्त्वाचे. 1927 च्या अखेरीस, मझगावच्या धक्क्यासमोर नांगरलेल्या डफरिनवर पहिल्या तुकडीचे शिक्षण सुरू झाले. कॅप्टन डिग्बी-बेस्ट हे पहिले कॅप्टन सुपरिंटेंडंट होते. वेगवेगळ्या प्रांतांतून परीक्षा देऊन आलेली ही शाळकरी वयाची मुले. बहुतेकांच्या घरात त्यापूर्वी कुणी समुद्राशी संबंध ठेवलेला नव्हता. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. मूळ हेतू व्यापारी जहाजांसाठी अधिकारी तयार करण्याचा असला, तरी त्या पहिल्याच तुकडीतून देशाच्या नौदलाला त्याचा पहिला भारतीय प्रमुख मिळाला. रामदास कटारी हे 1911 चे, म्हणजे जहाजावर पाऊल ठेवले तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. डफरिनमधून बाहेर पडल्यावर त्यांनी कलकत्त्याला हुगळी नदीच्या पाहणीचे काम केले, 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर ते नौदलाच्या राखीव दलात दाखल झाले आणि 22 एप्रिल 1958 रोजी त्यांनी नौदलप्रमुखपदाची सूत्रे हाती घेतली. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षे उलटली होती, तरी तोवर हे पद ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्या दिवसाचे मोल कळते.

ज्या लॉर्ड डफरिन यांचे नाव या जहाजाला होते, त्यांनी 1888 मध्ये कलकत्त्यातील एका भाषणात, राज्यकारभारात वाटा मागणाऱ्या सुशिक्षित भारतीयांना सूक्ष्मदर्शकातून पाहावे लागेल इतके अल्पसंख्य ठरवले होते. त्यांच्याच नावाच्या जहाजावर अशी भारतीय मुले दरवर्षी प्रवेश घेत राहिली आणि पुढे पंचेचाळीस वर्षे ‘डफरिनचा विद्यार्थी’ ही ओळख अभिमानाने सांगत राहिली.

मधल्या काळात 1935 च्या सुमारास इंजिनखात्याच्या अधिकाऱ्यांचे शिक्षणही या जहाजावर सुरू झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशाकडे सारी मिळून 59 जहाजे होती आणि त्यांची क्षमता सुमारे 1.92 लाख टन होती. ती 20 लाख टनांवर न्यायचे उद्दिष्ट 1947 मध्येच ठरले होते. एवढ्या जहाजांना माणसे पुरवायची तर एका जहाजावर दोन्ही शाखा मावणे शक्य नव्हते. म्हणून इंजिनखात्याचे शिक्षण कलकत्ता आणि मुंबई येथील किनाऱ्यावरच्या संस्थांकडे गेले आणि डफरिन केवळ नौकानयनाच्या मुलांसाठी राहिले. 1972 मध्ये त्याची जागा राजेंद्रने घेतली. राजेंद्रनेही दोन दशके हेच काम केले आणि 1993 मध्ये सगळे बिऱ्हाड नवी मुंबईत जमिनीवर आले. 14 नोव्हेंबर 2008 रोजी भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून चाणक्य त्या विद्यापीठाचा भाग आहे. आपण फ्लेमिंगो पाहत उभ्या होतात त्या पाण्याशेजारी आज मुले तीन वर्षांची नौकानयनशास्त्राची पदवी घेतात. समोर जहाज नसले, तरी ही परंपरा मझगावच्या पाण्यात सुरू झालेलीच आहे.

प्रश्न : माझे आजोबा एका विलायती कंपनीच्या बोटीवर सारंग होते. तीस वर्षे त्यांनी दर्यावर काढली. त्यांची ‘नल्ली’, म्हणजे खलाशाची नोंदवही, आम्ही अजून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहे आणि तिच्यात दरेक सफरीचा शेरा आहे. लहानपणापासून एक प्रश्न मनात आहे. एवढा दर्या तुडवलेला माणूस कप्तान का झाला नाही? डफरिन निघाले ते आजोबांसारख्यांसाठीच होते ना? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सुखद नाही, पण ते सरळपणेच द्यायला हवे.

आपल्या आजोबांच्या काळात व्यापारी जहाजावर दोन वेगळी जगे होती. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग सुकाणी, कसाब आणि खलाशी. खाली इंजिनखोलीत आगवाले, तेलवाले आणि कोळसेवाले. स्वयंपाकाला भंडारी आणि साफसफाईला टोपस. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकची माणसे मोठ्या प्रमाणावर रत्नागिरीच्या पट्ट्यातून आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून येत, तर उतारूंच्या सरबराईला गोव्याचे तारवटी असत. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास या तारवट्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ होत्या आणि दोन सफरींच्या मधले दिवस ते तिथे काढत. या सगळ्यांच्या वर अधिकाऱ्यांचे जग होते आणि ते गोऱ्यांचे होते. या दोन जगांमध्ये जिना नव्हता. खलाशी चढत चढत सारंग होई आणि तिथे त्याची शिडी संपे.

यामागे केवळ दुस्वास नव्हता, कायदाही होता. आशियाई खलाशांचे करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशाच्या पगारापेक्षा कितीतरी कमी आणि राहायला दिलेली जागाही अपुरी. 1823 च्या ब्रिटिश कायद्याने तर त्यांना ब्रिटिश खलाशी मानण्यालाच नकार दिला होता. कप्तान होण्यासाठी सेकंड मेट, फर्स्ट मेट आणि शेवटी मास्टर अशा परीक्षा क्रमाने द्याव्या लागत. त्या इंग्रजीत असत आणि त्यांत गोलीय त्रिकोणमिती, खगोलावरून जहाजाची जागा काढणे, मालाची मांडणी, कायदा असे विषय असत. आपल्या आजोबांना कुठल्या वाऱ्याला कोणते शीड आणि कोणत्या लाटेला किती वेग, हे अनेक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांपेक्षा जास्त कळत असेल, यात मला शंका नाही. पण ते ज्ञान ज्या कागदावर मोजले जाई, तो कागद त्यांच्यापुढे कुणी ठेवलाच नाही.

आता दुसरा भाग. डफरिन आजोबांसारख्यांसाठी निघाले होते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर, नाही. डफरिनसाठी इंग्रजी शाळेतले शिक्षण आणि प्रवेशपरीक्षा आवश्यक होती. किनाऱ्यावरच्या खलाशाच्या घरातल्या मुलाला तिथपर्यंत पोहोचणे दुरापास्त होते. म्हणून पहिल्या तुकड्यांत समुद्र कधी न पाहिलेली शहरी मुले आली आणि ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जहाजांना माणसे पुरवली ती गावे पुष्कळ काळ सारंगाच्या पायरीवरच थांबली. डफरिनचा इतिहास सांगताना ही बाजू सहसा सोडून दिली जाते. ती सोडू नये असे मला वाटते. खलाशांच्या रीतसर प्रशिक्षणासाठी स्वातंत्र्यानंतर वेगळी जहाजे सुरू झाली. त्यांत कलकत्त्याचे ‘भद्रा’, विशाखापट्टणमचे ‘मेखला’ आणि गुजरातमधील नवलखीचे ‘नौलक्षी’ यांचा समावेश होतो.

डफरिनने एक गोष्ट मात्र नक्की केली. भारतीय मुलगा अधिकारी होऊ शकत नाही, हे म्हणणे त्याने खोटे पाडले. त्याचे विद्यार्थी सिंधियाच्या जहाजांवर उमेदवार म्हणून गेले, पुढे इतर कंपन्यांनाही त्यांना घ्यावे लागले. दुसऱ्या महायुद्धात सिंधियाची ‘जलराजन’ आणि ‘जलतरंग’ ही जहाजे जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुड्यांनी बुडवली, तेव्हा अधिकारी आणि खलाशी यांना गिळणारे पाणी एकच होते. एकदा ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या जागी, भारतीय माणूस उभा राहिल्यावर खालच्या डेकवरच्या मुलांना तिथपर्यंत जाण्याची स्वप्ने पडू लागली. आज कोकणातल्या घराघरांतून ‘पोरगा बोटीवर आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा तो थर्ड ऑफिसर किंवा चीफ इंजिनिअरही असतो.

आजोबांच्या नल्लीविषयी एक विनंती. डब्यातून काढून ती कोरड्या हवेत, आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवावी आणि तिची स्वच्छ छायाचित्रे काढून घ्यावीत. प्रत्येक सफरीच्या नोंदीत जहाजाचे नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख व वागणुकीचा शेरा असतो. एका माणसाच्या तीस वर्षांचा तो अस्सल पुरावा आहे. मुंबईला येणे झाले तर मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होमलाही जरूर जा. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या आणि कुठेही कबर वा समाधी नसलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्द्यांचे स्मारक तिथे आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. डफरिन एका जागी नांगरून ठेवलेले होते, असे वाचले. जे जहाज चालतच नाही, त्यावर जहाज चालवायला कसे शिकवत असतील? हे तर काठावर बसून पोहायला शिकण्यासारखे झाले. — एक वाचक, पुणे

उत्तर : शंका रास्त आहे आणि ती डफरिनच्या काळातही घेतली जात असे. पण पद्धत नवी नव्हती. इंग्लंडमध्ये टेम्स नदीत ‘वूस्टर’ आणि मर्सी नदीत ‘कॉनवे’ अशी नांगरलेली प्रशिक्षण जहाजे पुष्कळ आधीपासून होती आणि डफरिनची आखणी त्यांच्याच धर्तीवर झाली होती. प्रत्यक्ष सफरीचा अनुभव नंतरच्या उमेदवारीच्या वर्षांत मिळणार हे गृहीत होते. त्याआधीची तीन वर्षे होती ती हात, डोळे आणि सवयी घडवण्यासाठी.

उभ्या जहाजाला धक्का नसतो. माणूस, शिधा, टपाल, जे काही यायचे ते होडीनेच येते. मुंबई बंदरात पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते आणि प्रवाह जोरात वाहतो. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या, दिवसांत तेच पाणी शांत असते. या पाण्यात वल्ही मारत होडी जहाजाच्या शिडीला सुखरूप लावायची, तर प्रवाह कुठून येतो, वारा कुठून येतो, किती आधी वल्ही थांबवायची, हे सारे पुस्तकाविना कळावे लागते. हा अंदाज पुढे दहा हजार टनांचे जहाज धक्क्याला लावतानाही उपयोगी पडतो. प्रमाण बदलते, हिशोब तोच असतो.

एक साधन जरा जवळून दाखवतो, म्हणजे उभ्या जहाजावरच्या शिक्षणाची कल्पना येईल. इलेक्ट्रॉनिक यंत्रे येण्यापूर्वी उथळ पाण्यात खोली मोजायला शिशाचे वजन आणि दोर वापरत. वजन साधारण तीन ते सहा किलोंचे असे. खोली मोजायचे माप म्हणजे ‘फॅदम’, आपल्या कोळ्यांची ‘वाव’: दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधले अंतर, सुमारे 1.8 मीटर. दोराला ठरावीक अंतरांवर खुणा बांधलेल्या असत. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन पट्ट्या, पाचवर पांढरे सुती कापड, सातवर तांबडे विरळ लोकरी कापड, दहावर मधे भोक पाडलेले चामडे, तेरावर सर्ज नावाचे निळे जाड कापड, पंधरावर पुन्हा पांढरे, सतरावर पुन्हा तांबडे आणि वीसवर दोन गाठी मारलेली दोरी. वीस वावांत अशा नऊच खुणा. उरलेल्या अकरा वावा बिनखुणेच्या. त्या दोन खुणांच्या मधल्या अंतरावरून अंदाजाने सांगायच्या.

खुणा वेगवेगळ्या रंगांच्या आहेत हे चटकन लक्षात येते. पण त्या वेगवेगळ्या कापडांच्या का, हे कळायला रात्री डेकवर उभे राहावे लागते. काळोखात पांढरे, तांबडे आणि निळे सारखेच दिसतात. भिजलेल्या दोरावरून बोट फिरवले की मात्र सुती कापडाचा गुळगुळीतपणा, विरळ लोकरीचा खरखरीतपणा आणि सर्जचा जाडपणा वेगळा जाणवतो. हात थंडीने बधिर झाले तर खलाशी खूण ओठाला लावून ओळखत. वजनाच्या तळाशी एक खळगा असे, त्यात चरबी भरत. वर ओढल्यावर त्या चरबीला वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटलेला असे आणि नकाशावर त्या ठिकाणी तळाचा प्रकार लिहिलेला असल्याने जहाज कुठे आहे याचा पडताळा मिळे. एका दोरात खोली, जागा आणि नांगर धरेल की घसरेल याचा अंदाज, अशा तीन गोष्टी मिळत. हे शिकायला जहाज चालते असण्याची गरज नसते, फक्त खाली खरे पाणी असावे लागते.

तीच गोष्ट होकायंत्राची. वर्तुळाचे 32 भाग, प्रत्येक भाग सव्वाअकरा अंशांचा, उलटसुलट क्रमाने घोकून पाठ करायचे. किनाऱ्यावरच्या खुणांचे कोन घेऊन नकाशावर रेघा मारायच्या आणि त्या जिथे छेदतात तिथे आपण आहोत का, हे तपासायचे. आपण नेमके कुठे उभे आहोत हे आधीच माहीत असल्यामुळे चूक लगेच उघडी पडते, हा नांगरलेल्या जहाजाचा एक लाभच म्हणायचा. सेक्स्टंट या कोन मोजायच्या साधनाने सूर्याची उंची मोजायला क्षितिज लागते आणि बंदरात ते जमिनीमुळे झाकलेले असते. अशा ठिकाणी पाऱ्याच्या थाळीत सूर्याचे प्रतिबिंब पाहून कोन मोजतात आणि येणाऱ्या आकड्याला दोनाने भागतात. आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, तेव्हा दोनाने का भागायचे, हे आकृती काढून पाहावे. प्रतिबिंब क्षितिजाखाली तितकेच खोल दिसते, जितका सूर्य वर असतो.

आज चाणक्यसारख्या संस्थांत सिम्युलेटरवर बंद खोलीत वादळ, धुके, गर्दीची सामुद्रधुनी असे सगळे उभे करता येते आणि डफरिनवर जी चूक प्रत्यक्षात करून पाहणे परवडले नसते ती हवी तितक्या वेळा करता येते. शिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे आणि जुन्याच्या प्रेमापोटी मी ती कमी लेखणार नाही. जुने लोखंडी जहाज खाऱ्या पाण्यात जपणे फार खर्चाचे, त्यात मुलांच्या संख्येला मर्यादा, हेही खरे. तरी सोळा-सतराव्या वर्षी रात्रंदिवस पाण्यावर राहिलेल्या मुलाला झोपेतही भरती फिरल्याचे जाणवते, ते नेरूळच्या वसतिगृहात राहून अंगी येत नाही. मग ते पहिल्या सफरीवर, कामाच्या धबडग्यात, शिकावे लागते.

प्रश्न : मग आता आपल्या देशात एकही खरे प्रशिक्षण जहाज उरलेले नाही का? — एक वाचिका, फोंडा, गोवा

उत्तर : उरले आहे, आणि ते आपल्या गोव्यातच बांधलेले आहे. व्यापारी अधिकाऱ्यांसाठी डफरिन-राजेंद्रसारखे नांगरलेले सरकारी जहाज आता नाही. पदवीच्या अभ्यासानंतर ही मुले थेट कंपन्यांच्या जहाजांवर कॅडेट म्हणून जातात. भारतीय नौदलाकडे मात्र शिडाची दोन प्रशिक्षण जहाजे आहेत. ‘आयएनएस तरंगिणी’ 11 नोव्हेंबर 1997 रोजी सेवेत दाखल झाले आणि ‘आयएनएस सुदर्शिनी’ 27 जानेवारी 2012 रोजी. दोन्ही गोवा शिपयार्डने, वास्को येथे बांधली. ही उभी राहणारी जहाजे नाहीत. तीन डोलकाठ्यांवर शिडे चढवून ती समुद्र ओलांडतात आणि तरंगिणीने 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणाही केली.

शिडाचे जहाज आज कशाला, असे आपल्या मनात येईल. वारा बदलला की शिडावरच्या माणसाला ताबडतोब काहीतरी करावे लागते आणि एकट्याने काहीच करता येत नाही. दोर ओढायला सगळे हात एका वेळी लागतात. डफरिनवरच्या मुलांना होडीची वल्ही एका ताला-सुरात मारायला शिकवत, त्याच्याशी याचे नाते आहे. ही जहाजे बंदरात असताना शालेय सहलींना कधीकधी पाहू देतात. आपण शिक्षिका असल्याचे आपल्या पत्रात आहे, तेव्हा शाळेच्या नावाने नौदलाच्या गोव्यातील कार्यालयाकडे आधी लेखी विचारणा करावी. मुलांना नेलेत तर खोली मोजायचा शिशाचा दोर दाखवायला अवश्य सांगा.